सावलीतल्या फांद्या

शाळेत ब्लांडीनच्या शेजारी बसायला कुणी राजी नसे. तिच्या केसांना, स्वेटरला, जेवणाच्या डब्यालासुद्धा फर झाडाच्या चिकाचा वास यायचा. "आली बघा गोंदाची बाटली," पोरं म्हणायची. ती म्हणायची, "ये की जवळ, चिकटते."

गावच्या शेतरस्त्यांच्या आठव्या रांगेवरचं शेवटचं घर तिच्या बापाचं. त्याच्यापुढे रस्ता नव्हता, नुसता डोंगर, आणि डोंगरभर फरची झाडं. नाताळाच्या आधी दोन महिने सगळं घरदार फांद्या तोडायला जायचं. दारावर टांगायच्या हिरव्या चक्रांसाठी त्या फांद्या शहरात जात. अकरा भावंडांत ब्लांडीन सातवी, पण फांदीवर हात बसला तो तिचाच. बाप सांगायचा, "डोळे मीट आणि हात फिरव. सुया वर उभ्या आहेत ना, ब्रशासारख्या? ती उन्हातली. आणि दोन बाजूंना आडव्या पडल्यात, कंगव्यासारख्या, ती सावलीतली. तिला हात लावू नकोस. तीच बिचारी कशीबशी जगतेय."

बाकीची दहा भावंडं एकेक करत खोऱ्यातून निघून गेली. कुणी माँट्रियल गाठलं, कुणी त्याहून लांब. ब्लांडीनला कुणी अडवलं नव्हतं, तिलाच डोंगराशिवाय करमत नसे. विशीत तिनं ओनिल ब्युलिएशी लग्न केलं. तो गावच्या आरागिरणीत कामाला होता. सावकाश बोलणारा माणूस, रागावला तरी आवाज चढायचा नाही. मात्र एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढणं देवाच्या बापालाही जमायचं नाही. नादेज नावाची एक मुलगी झाली, वाढली, तीही माँट्रियलला गेली. मग गिरणी बंद पडली. ओनिल सहा महिने खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहिला.

"खिडकीला भोक पडेल तुझ्या बघण्यानं," ब्लांडीन एके दिवशी म्हणाली. "गाईंचा गोठा रिकामा पडलाय. फांद्यांचं तेल काढू या आपण."

दुधाची एक जुनी स्टीलची टाकी त्यांनी मिळवली, तिला खालून वाफेचा नळ जोडला, वरचं झाकण ओनिलनं स्वतः बसवलं. ब्लांडीन कडेनं डोंगरमाथ्यावर जायची, जिथे झाडं विरळ आणि ऊन दिवसभर. तिथून फांद्या आणायची. टाकीत भरून दोघं त्यावर नाचायचे, दाबून दाबून बसवायचे, मग वाफ सोडायची. वाफ ओढ्याच्या गार पाण्यातून फिरवलेल्या नळीतून थेंब थेंब परत यायची आणि पाण्यावर तेलाचा पातळ थर धरायचा. त्या तेलाचा वास असा की गोठ्यात शिरलेला माणूस बोलायचं थांबून आधी श्वास घ्यायचा. रिमुस्की शहराच्या वाटेवर साबण आणि औषधी तेलं बनवणारा एक लहानसा कारखाना होता, तो त्यांचं सगळं तेल उचलू लागला. आठ-नऊ वर्षं अशी गेली. ब्लांडीनला कुणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती की आयुष्यातली बरी वर्षं हीच.

ती पन्नास वर्षांची असताना, मार्चमध्ये, बर्फावरून उसळलेल्या उन्हात दिवसभर काम करून ती घरी आली, तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लालभडक चट्टा उठला होता. नणंद जेराल्डा चहाला आली होती. ती म्हणाली, "डोंगरावर कुणासाठी नटून जातेस गं?" सगळे हसले. महिन्याभरात ब्लांडीनच्या बोटांची पेरं सुजली, कात्री धरवेना. मग ताप, मग पायांवर सूज. रिमुस्कीच्या इस्पितळात डॉक्टरांनी नाव सांगितलं, लूपस. अंगाची राखण करणारं रक्तच राखणीच्या कुत्र्यासारखं उलटतं आणि घरच्याच माणसांना चावतं, असं त्यांनी समजावलं, आणि ऊन त्याला चिथावणी देतं. टोपी घाला, बाह्या लांब ठेवा, मलम लावा, दुपारच्या उन्हात जाऊ नका. बर्फावरचं ऊन तर नकोच.

ब्लांडीननं हे सगळं ऐकलं. ओनिलनं त्यातला एकच शब्द ऐकला, ऊन.

घरी आल्यावर त्यानं दुकानातून जाड काळ्या कापडाचा गठ्ठा आणला आणि खिडकीखिडकीवर ठोकला. स्वयंपाकघराची खिडकी, जिन्यावरची, न्हाणीघराची वीतभर खिडकीसुद्धा. गोठ्याच्या छपरात दोन काचेचे तुकडे होते, त्यांवर त्यानं डांबर फासलं.

"डॉक्टर टोपी म्हणाले होते, ओनिल. थडगं नव्हते म्हणाले."

"थोडे दिवस," तो म्हणाला. तोंडात खिळे धरले होते, त्यामुळे शब्द अर्धेच आले.

वाटण्या अशा झाल्या: फांद्या ओनिल आणणार, भट्टी ब्लांडीन सांभाळणार. घरातून गोठ्यापर्यंत जायचं तेव्हा टोपी, हातमोजे, गळ्यापर्यंत बंद कोट, आणि तोही पहाटे. एकदा आत गेलं की अंधार पडेपर्यंत आतच. पूर्ण उन्हाळा तिनं विजेच्या दिव्याखाली काढला. बाहेर पोरं ओढ्यात उड्या मारायची ते ऐकू यायचं. गवत कापल्याचा वास कापडाच्या फटीतून यायचा. जेराल्डा यायची, थोडा वेळ बसायची आणि म्हणायची, "जाते बाई, इथे मला झोप येते." ब्लांडीनलाही यायची, पण तिला जायला जागा नव्हती.

ऑक्टोबरमध्ये, हंगाम सुरू झाला त्या आठवड्यात, एक दिवस ती भरदुपारी गोठ्यातून बाहेर आली. पालथी बादली ठेवली, तिच्यावर बसली, टोपी काढून मांडीवर घेतली आणि सूर्याकडे तोंड करून डोळे मिटले. किती वेळ बसली होती ते तिलाही सांगता आलं नसतं. ओनिल करवतीची साखळी विसरला म्हणून परत आला होता. त्यानं तिला उचलूनच आत नेलं. चार-पाच दिवसांत तिला ताप भरला, लघवीतून रक्त जाऊ लागलं, आणि ती तीन आठवडे इस्पितळात पडून राहिली. सावरून घरी आली, तेव्हा दाराशेजारच्या खुंटीवर तिचे बर्फावर चालायचे जाळीचे जोडे नव्हते. तिची कात्रीही नव्हती.

"वाद्या सैल झाल्या होत्या. विणायला दिलेत," ओनिल म्हणाला.

ते जोडे त्याच्या गाडीत, सीटमागे, ताडपत्रीखाली होते. तिला ते महिन्याभरात कळलं. बोलून काय झालं असतं? तीन आठवडे तो इस्पितळाच्या लाकडी खुर्चीत झोपला होता. त्याचे गाल आत गेले होते. ज्या माणसानं असं केलं त्याला तुरुंगवाला कसं म्हणायचं?

त्या हिवाळ्यापासून ओनिल दुपारी जेवायला घरी येऊ लागला. पूर्वी तो डोंगरावर निघाला की डुकराच्या मांसाची चटणी लावलेला पाव बरोबर घ्यायचा आणि संध्याकाळीच उगवायचा. आता बाराच्या सुमारास गाडीचा आवाज यायचा. तो आत यायचा, तिच्याकडे एक नजर टाकायचा, वाटाण्याचं सूप प्यायचा, परत जायचा. दोनदा-तीनदा तो मधल्या वेळीही आला. "दोर विसरलो," म्हणाला. दोर गाडीतच होता.

आणि तेल उतरायला लागलं. टाकी तेवढीच, फांद्या तेवढ्याच, वाफ तेवढीच, पण पाण्यावरचा थर आधीपेक्षा पातळ दिसायचा. वासही कसा कच्चा, ओल्या गवतासारखा. ब्लांडीनला आधी वाटलं, आजारपणात आपलं नाकच गेलं. तिनं झाकणाचा सांधा तपासला, नळी साफ केली, ओढ्याचं पाणी कमी-जास्त करून पाहिलं.

जानेवारीत कारखान्यातून सोलांज आली. तेलाची तपासणी करणारी ही तिशीतली बाई, बडबडी, नाकावर सतत घसरणारा चष्मा. शेवटचं पिंप त्यांनी परत पाठवलं होतं आणि फोनवर सांगण्यापेक्षा समोर येऊन बोलावं म्हणून ती एवढ्या बर्फातून आली होती. गोठ्यातल्या अंधारात ती क्षणभर दारातच थबकली.

"तुमच्याकडे वीज गेलीय का?"

"वीज आहे, उजेड नवऱ्यानं बंद केलाय," ब्लांडीन म्हणाली. सोलांजला काही कळलं नाही, पण ती हसली.

मग तिनं सांगितलं की तेलात जो गोड, कापरासारखा भाग असतो तो निम्म्यावर आलाय. भट्टीचा दोष वाटत नाही. "फांद्या कुठून आणता हल्ली?"

"माथ्यावरूनच," ब्लांडीन म्हणाली. "आधीसारख्याच."

"नक्की? कारण मला हे दाट सावलीतल्या झाडांसारखं वाटतंय. झाड उजेडातच हे सगळं बनवतं ना. उजेड असला की पोट भरून वर उरतं, त्या उरलेल्याचा चीक होतो. सावलीत जेमतेम पोटापुरतं, वरचं कुठून करणार? थोडा वास तर असा असतो की ऊन पडलं की ताजा बनतो आणि लगेच हवेत जातो, ऊन गेलं की थांबतो. पण आपल्याला मिळतं ते साठवणीतलं. साठवायलाच नसेल तर भट्टी काय करणार?"

ब्लांडीन ऐकत होती. भिंतीशी सकाळच्या फांद्यांचा ढीग पडला होता. तिनं त्यातली एक उचलली, हातमोजा काढला आणि बोटं फिरवली. सुजलेल्या बोटांनाही ते लपलं नाही. दोन्हीकडे आडव्या, पातळ, मऊ सुया. कंगवा. दुसरी उचलली. कंगवा. तिसरीही तशीच.

सोलांजला तिनं कॉफी दिली, मेपलच्या पाकातला केक दिला, रस्त्यावर घसरण आहे, जपून जा म्हणाली. मग ओनिलची वाट पाहत बसली.

तो बाराला आला. तिनं त्याच्या ताटाशेजारी फांदी ठेवली होती.

"ही कुठली?"

ओनिलनं फांदीकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. खोटं बोलायचा त्याला सराव नव्हता. तीन महिने कसं निभावलं कोण जाणे. "खाणीमागची," तो म्हणाला. "रस्त्यालगतच्या दाट रानातली."

"तिथे दिवसासुद्धा दिवा लागतो."

"हो."

"माथ्यावर का नाही जात?"

"माथ्यावर गेलं की दुपारी परत येता येत नाही."

ब्लांडीननं फांदी परत हातात घेतली. राग आला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे मी इथे अंधारात," ती शेवटी म्हणाली, "आणि माझ्यापायी तू तिथे अंधारात. चांगला संसार आहे."

"तेल गेलं खड्ड्यात."

"आणि मग खायचं काय? खड्डा?"

तो उठला, पण जाताना रोजच्यासारखी एक नजर तिच्यावर टाकूनच गेला. दुसऱ्या दिवशी खाणीमागच्याच फांद्या आणल्या. ती भांडली, अबोला धरला, एकदा सूप न करता बसून राहिली. त्यानं पाव खाल्ला आणि खाणीमागे गेला. पटवून देण्याची सोयच नव्हती, कारण तो वाद घालत नव्हता.

वसंतात सोलांजचा फोन आला. सावलीचा दोष की तिथल्या झाडांचाच, हे तिला बघायचं होतं. एकाच माथ्यावरच्या, एकाच झाडाच्या काही फांद्या उन्हाळाभर झाकून ठेवायच्या, काही उघड्या, आणि शरदात दोन्हींचं तेल वेगवेगळं काढायचं. "तुम्हांला जमेल का?"

"पिशव्या मी शिवते," ब्लांडीन म्हणाली. "काळं कापड घरात हवं तेवढं आहे."

गठ्ठ्यातलं उरलेलं कापड तिनं काढलं आणि बाह्यांसारख्या लांब पिशव्या शिवल्या. कोट शिवावा तशी काळजी घेऊन. शिवता शिवता तिला वाटायचं, आपण झाडाशी हे काय करतोय? मग वाटायचं, पाहू तरी. निदान हात चालत होते. जूनमध्ये, कोवळे कोंब फुटून पसरल्यावर, ओनिलनं त्या पिशव्या माथ्यावर नेऊन बांधल्या. तो उन्हाळ्यात रान विरळ करायच्या टोळीबरोबर जायचा, वाटेवरच होतं ते. ब्लांडीन विचारायची, "कुठल्या झाडाला बांधल्यास? वळणावरच्या का?" तो म्हणायचा, "हो, त्याच." ती डोळे मिटून ते झाड आठवायची. झाड डोळ्यांसमोर यायचं, पण तेवढ्यानं भागायचं नाही.

त्याच उन्हाळ्यात तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, फिरायला जाता ना? संध्याकाळी तरी? तिनं खिडक्यांचं सांगितलं. डॉक्टर ओनिलकडे पाहत राहिले. "असं मी कधी सांगितलं?" परतीच्या रस्त्यावर ओनिल म्हणाला, "ऑक्टोबरात ते इथे नव्हते." ऑक्टोबर तिनंच केला होता.

पिशव्या उतरवायची वेळ आली तेव्हा ओनिल पुढे ढकलू लागला. पुढच्या आठवड्यात. गाडीचं चाक बसलंय. पाऊस आहे. नोव्हेंबर उजाडला, पहिला बर्फ पडला. ब्लांडीन म्हणाली, "मला ने. सूर्य बुडाल्यावर ने."

"गुडघे बघ तुझे."

"गुडघे माझे आहेत."

"नाही," ओनिल म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

दोन दिवसांनी तो टोळीच्या हिशोबासाठी गावात गेला होता. साडेतीनच्या पुढे सूर्य पलीकडच्या कड्यामागे उतरला. ब्लांडीननं दार किंचित उघडून पाहिलं, आकाश राखाडी झालं होतं. तिनं कोट चढवला, स्वयंपाकघरातला पाव कापायचा सुरा घेतला, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं, आणि निघाली.

पोटरीइतका बर्फ होता. जाळीचे जोडे नसल्यामुळे प्रत्येक पाऊल आत जात होतं आणि उपसून काढावं लागत होतं. तरुणपणी ती हा चढ गाणं म्हणत चढायची. आता दर वळणावर झाडाला धरून उभी राहिली. गुडघ्यांत कुणी खिळे ठोकतंय असं वाटत होतं. पण वर मोकळं आभाळ होतं आणि दोन्ही बाजूंना तिची झाडं. दीड वर्षानं तिला लांबवरचं काहीतरी दिसत होतं, नदीची करडी रेघ, पलीकडच्या गावाच्या चर्चचा मनोरा.

वळणावरच्या झाडाला काळ्या पिशव्या लटकत होत्या. तिनं पहिलीची गाठ सोडायला घेतली आणि थांबली. दोरी सालीला काचू नये म्हणून ओनिलनं दोरीखाली लोकरीची चिंधी गुंडाळली होती. दुसऱ्या पिशवीलाही, तिसरीलाही. त्याच्या जुन्या निळ्या स्वेटरच्या बाहीच्या चिंध्या होत्या त्या. गाठी घट्ट, पण फांदीला ओरखडा नाही. असंच करणार हा माणूस, तिला वाटलं. बांधणार घट्ट, आणि दुखू नये म्हणून मधे लोकर घालणार. तिला एकदम रडू आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

पिशवीतली फांदी बाहेर आली ती फिकट, लिबलिबीत. यंदाचा कोंब आखूड, सुया पातळ आणि आडव्या. तिनं बोटांत चुरगळून नाकाशी नेल्या. वास होता, नाही असं नाही. कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारावी तसा. शेजारची उघडी फांदी चुरगळली आणि डोळ्यांत पाणी आणणारा तो जुना वास भसकन आला.

ती दोन्ही तऱ्हांच्या फांद्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरत होती, तेव्हा खालून धापा टाकल्याचा आवाज आला. ओनिल होता. हातात विजेरी, टोपी कुठेतरी पडलेली. त्याच्या दुसऱ्या हातात तिचे जाळीचे जोडे होते. तिच्यापासून चार हातांवर येऊन तो वाकला आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

"दार उघडं होतं," तो म्हणाला. एवढंच बोलायला त्याला वेळ लागला.

"सूर्य बुडाल्यावर निघाले."

"मला वाटलं…" तो बर्फात खालीच बसला. "सुरा नव्हता जागेवर."

ब्लांडीननं हातातल्या सुऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. नुसता आजचा सुरा नव्हे, वर्षभराचं सगळंच. "ओनिल," ती म्हणाली, "त्या दिवशी मी बादलीवर मरायला बसले होते असं वाटतं तुला?"

त्याचा चेहरा पाहून उत्तर कळलं. दुपारचं सूप, दोर विसरणं, सीटमागचे जोडे, सगळं याच्यासाठी होतं.

"मला ऊब हवी होती रे. नुसती ऊब. चार महिने दिव्याखाली बसले होते मी."

"तुला माहीत होतं काय होईल ते. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"माहीत होतं."

"मग?"

ती विचार करू लागली. खरं सांगायचं तर तिचं तिलाही नक्की माहीत नव्हतं. त्या दुपारी डोळे मिटताना मनात काय होतं, ते तिनं पुन्हा कधी उघडून पाहिलं नव्हतं. "आज तसं नाही एवढं सांगते," ती म्हणाली. "त्या दिवसाचं काय होतं ते मला नाही ठाऊक. पण तू दर दुपारी बघायला आलास म्हणून ते कळणार आहे का? मनात यायचं असेल तर सकाळी दहालाही येईल. किती वेळा येशील?"

ओनिल हातातल्या जोड्यांची वादी उगाच ओढत राहिला. मग त्यानं ते तिच्या पायांशी ठेवले, गुडघ्यांवर बसला आणि तिच्या बुटांना बांधू लागला. विजेरी बर्फात पडली होती. बांधून झाल्यावर तो म्हणाला, "राहिलेल्या पिशव्या मी काढतो. तू भर."

झाकलेल्या फांद्यांचं तेल उघड्यांच्या निम्म्याच्या जरा वर भरलं, आणि ते सोलांजनं कारखान्यात हुंगून बाजूला ठेवलं. "दोष झाडांचा नाही, सावलीचाच," तिनं फोनवर सांगितलं. ब्लांडीनला ते आधीच ठाऊक होतं, पण ओनिलनं फोनला कान लावून ऐकलं. दुसऱ्या सोमवारी तो पाव बांधून घेऊन माथ्यावर गेला आणि अंधारातच परत आला. काही आठवड्यांत तेल पूर्ववत झालं. न्हाणीघराच्या आणि जिन्यावरच्या खिडक्यांची कापडं त्यानं काढली. उत्तरेकडे होत्या त्या. दक्षिणेकडच्या तशाच ठेवल्या, आणि ब्लांडीननंही काढ म्हटलं नाही.

तिनं जे मागितलं होतं ते तिला मिळालं, आणि मग कळलं की दुपारी गाडीचा आवाज येत नाही. बारा वाजायचे. सूप एकटीसाठी करावंसं वाटायचं नाही. भट्टी फुसफुसायची, थेंब पडायचे. पहारेकरी गेला तसा दुपारी घरात बोलायला येणारा एकुलता एक माणूसही गेला. आता कोट आणि जोडे खुंटीवर होते, दाराला कडीही नव्हती, आणि ऊन बाहेर पडलेलं असायचं. ती दाराकडे पाठ करून बसायला शिकली. त्यात कुणी काही करू शकत नव्हतं. जेराल्डाला एकदा सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, "मग बोलाव की त्याला परत." ब्लांडीननं बोलावलं नाही.

हिवाळ्यात बरं असायचं. साडेतीनला ऊन सरलं की ओनिल खालपर्यंत येऊन तिला घेऊन जायचा, आणि दिवसाचा उरलेला करडा उजेड असेपर्यंत ती माथ्यावर फांद्या तोडायची. अर्धा तास, बोटं चांगली असली तर थोडं जास्त. कात्री त्यानं हलकी आणली होती. डिसेंबरात नादेज आली तेव्हा तिघं गेली. ती म्हणाली, "आई, तू कामापेक्षा हुंगतेसच जास्त."

"तू काम कर. मी देखरेख करते."

पण हिवाळा संपतोच. दिवस मोठे होत जात, आणि दर आठवड्याला तिचा वेळ मागच्यापेक्षा आखडत जाई. पुढच्या मार्चमध्ये तर पुन्हा पाय सुजले, ऊन न लागताच. डॉक्टर म्हणाले, कधी कधी कारण नसतं. गोळ्या वाढल्या. ओनिलनं ते ऐकलं आणि घरी येऊन बराच वेळ काळ्या कापडांकडे पाहत बसला. इतके खिळे ठोकले आणि दुखणं दुसऱ्याच दारानं आत आलं. त्या रात्रीनंतर तो जरा म्हातारा दिसू लागला, पण झोप मात्र त्याला लागायला लागली.

जून हा सगळ्यांत वाईट महिना. पहाटे चारलाच उजाडतं आणि नऊ वाजेपर्यंत उजेड हलत नाही. ओनिल टोळीबरोबर रानात. ब्लांडीन उत्तरेच्या खिडकीशी बसून पिशव्या शिवायची; सोलांजला आता दरवर्षी लागायच्या. मग बटाटे सोलायची, मग रेडिओ, मग पुन्हा शिवण. दक्षिणेच्या खिडकीचं कापड दुपारी हाताला गरम लागायचं. ती कधी कधी तळवा टेकून उभी राहायची आणि मग स्वतःलाच रागावून दूर व्हायची.

त्या जूनमध्ये एका संध्याकाळी ओनिल थकून आला, मांस भरलेला पाव अर्धाच खाल्ला आणि खुर्चीतच डोकं मागे टाकून झोपला. दाढीत भुसा, हातांना चीक. ती वाट पाहत राहिली. कड्यावरचा शेवटचा पिवळा पट्टा विझला तसं तिनं दार उघडलं आणि पायरीवर जाऊन बसली. दिवसभर तापलेलं रान गार होत होतं आणि डोंगरावरून वास खाली उतरत होता. डास होते. आणखी थोड्या वेळात पूर्ण अंधार पडला असता आणि आत जावं लागलं असतं. आत ओनिल घोरत होता. डोंगर बघायला त्याला उठवावं असं तिच्या मनात आलं, पण तो पहाटे पुन्हा जाणार होता. तिनं उठवलं नाही.